मासा कशाला म्हणायचं

आमच्या पुणतांब्याला समुद्र यायचा तो आठवडे बाजारात, पोत्यात भरून. गावाला गोदावरी आहे, चांगदेव महाराजांची समाधी आहे, रेल्वेचं जंक्शन आहे, पण समुद्राशी आमचा काही संबंध नव्हता. गोदावरीचाही नाही म्हटलं तरी चालेल. त्र्यंबकेश्वरला ती उगवते तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण ही बाई त्याच्याकडे पाठ करून निघते आणि पार बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तेव्हा समुद्र म्हणजे बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या एका मावशींची चार पोती आणि त्यांचा वास. एका पोत्यावर बोंबील, दुसऱ्यावर वाकट्या, तिसऱ्यावर मांदेली, चौथ्यावर सुकट.

अब्बा शिंपी होते. बाजारपेठेत त्यांचं छोटं दुकान होतं. शिंप्याच्या पोराची नजर आपोआप मापावर जाते, तशी माझी त्या पोत्यांवर जायची. वाकटी अब्बांच्या गळ्यातल्या टेपसारखी दिसायची: लांब, चपटी, शेवटाकडे निमुळती होत होत संपलेली. तिला शेपटीचा पर नसतोच. हा मासा पाण्यात पुष्कळदा डोकं वर करून उभा राहतो आणि पाठीवरचा लांबलचक पर झालरीसारखा हलवत जागच्या जागी तरंगतो, हे मला खूप नंतर कळलं. बोंबलाचा जबडा मात्र तेव्हाही भीती दाखवायचा. वाळवताना कोळी लोक एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात. त्याचे दात सुईसारखे, आतल्या बाजूला वळलेले असतात, म्हणून त्यांची अशी कडी बसते. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. असा लिबलिबीत मासा सुरमईसारखा पाठलाग काय करणार? तो भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर फिरतो. जबडा एवढा मोठा आणि दात आत वळलेले असल्यावर एकदा तोंडात आलेलं परत जात नाही. पळायची ताकद नाही ती कसर तोंडाने भरून काढलेली.

अब्बा बोंबील घ्यायचे, वाकट्या घ्यायचे. चौथ्या पोत्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

सुकट म्हणजे वाळवलेला बारीक झिंगा. आमच्या आळीत प्रत्येक मराठा-माळ्याच्या घरी ती कांद्यावर परतून बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली जायची आणि तिचा वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा. आमच्या घरी ती चालत नव्हती. दादीचा नियम सोपा होता: ज्याला काटा नाही, ती मछली नाही. हा नियम तिने स्वतः काढलेला नव्हता. आम्ही हनफी. हनफी फिकहमध्ये पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल आहे. खेकडा नाही, कासव नाही, बेडूक नाही. झिंग्याबद्दल उलेमांमध्येच दोन मतं आहेत. काही म्हणतात मासाच आहे, खा. काही म्हणतात नाही, टाळा. दादी टाळणाऱ्यांतली आणि अब्बा दादीचे मुलगे. मी मित्राच्या घरी चोरून सुकट-भाकरी खायचो आणि घरी येताना नळावर तीन-तीनदा चुळा भरायचो. अम्मीला कळायचं. ती बोलायची नाही.

आता गंमत ऐका. पावसाळ्याच्या तोंडाला नदीवरचा एक भोई कधीकधी वाम घेऊन यायचा, क्वचित अहिर. दोन्ही हुबेहूब सापासारखे. शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "अगं बाई, तुम्ही साप खाता?" आमची दादीच काय, अम्मीही हात लावायला धजायची नाही. पण अब्बा खायचे. त्यांनी मशिदीतल्या मौलानांना विचारून घेतलं होतं. बाराव्या शतकातला ‘हिदाया’ हा हनफी मजहबचा मोठा ग्रंथ. त्यात सापासारख्या दिसणाऱ्या माशाचा, मारमाहीचा, मुद्दाम उल्लेख करून तो खायला हरकत नाही असं लिहिलंय. मार म्हणजे साप आणि माही म्हणजे मासा. त्या काळच्या लोकांनाही दिसण्यावरून शंका आलीच असणार, नाहीतर वेगळं लिहायची वेळ का आली असती?

तर आमच्या घरात साप दिसणारा मासा हलाल होता आणि ज्या झिंग्याला सगळी दुनिया मासळीबाजारात मोजते तो नव्हता. लहानपणी यात मला काही विचित्र वाटलं नाही. ते वाटायला आपाचं लग्न व्हावं लागलं.

आपाचं लग्न १९९३ साली झालं. दुल्हेभाई नोकरीनिमित्त कोपरगावला होते, मूळचे दापोली तालुक्यातले, हर्णेजवळचे. कोकणी मुसलमान. नात्यातल्या लोकांनी कुरकूर केली. त्यांची बोली कळत नाही, ते नमाजमध्ये आमीन मोठ्याने म्हणतात, शाफई आहेत. आणि शेवटी, आवाज खाली आणून, "झिंगा-खेकडा सगळं खातात." अब्बांनी मुलाची चौकशी केली, मुलगा चांगला होता, त्यांनी हो म्हटलं. चार सुन्नी मजहबांत शाफईही एक, त्यांच्यामागे नमाज होते, मग मुलगी द्यायला काय हरकत, असं ते म्हणाले. शाफई मताप्रमाणे समुद्रातला जवळजवळ प्रत्येक जीव हलाल आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दस्तरखानवर समोर येणं वेगळं.

लग्नानंतर वर्षभराने दुल्हेभाईंची बदली झाली आणि आपा सासरी राहायला गेली. आम्ही पहिल्यांदा हर्णेला गेलो. व्याह्यांनी जे करायचं ते केलं: कोलंबीचं सुकं, खेकड्याचं कालवण, तिसऱ्या, तांदळाची भाकरी. पाहुण्यांना देण्यासारखं त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं होतं ते. अब्बा दस्तरखानवर बसले. त्यांनी भात घेतला, लोणचं घेतलं आणि आपाला हळूच विचारलं, "भात का चमचा अलग था ना?"

तेवढंच. कोणाला ऐकू गेलं नसावं असं त्यांना वाटलं असेल. आपाच्या सासूबाईंनी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या, अंडी फोडली, वेगळ्या तव्यावर ऑम्लेट करून आणलं. आपा मागच्या पडवीत जाऊन रडली. त्यानंतर अब्बा सोळा वर्षं त्या घरी जेवले नाहीत. ईदनंतर जायचे, चहा-बिस्किट घ्यायचे आणि दापोलीला हॉटेलात जेवून घ्यायचे. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं.

२०१० साली आपाचं ऑपरेशन झालं. अम्मी तोवर गेली होती. मी आणि अब्बा पुणतांब्याहून गाडीने पुण्याला, तिथून स्वारगेटच्या एसटीने दापोलीला आणि पुढे हर्णेला गेलो, आठ दिवसांसाठी. आता आठ दिवस कोणी चहा-बिस्किटावर काढू शकत नाही. आपाच्या सासूबाईंनी, अल्लाह त्यांना मगफिरत देवो, काही न सांगता नवी पातेली आणली होती. आठही दिवस आमच्यासाठी वेगळं शिजलं: बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील. सगळे काट्याचे.

आपाचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला शाळेने गृहपाठ दिला होता: समुद्रातल्या प्राण्यांचे आकार आणि त्यांचे उपयोग. मी श्रीरामपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पुस्तकातून चित्रं काढण्यापेक्षा लिलावाला जाऊ म्हटलं. अब्बाही निघाले. घरी बसून कंटाळले होते.

हर्णेच्या बंदराचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा पाहावा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. होड्या लांब उभ्या राहतात आणि बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरून माल किनाऱ्याला आणतात. आमच्याकडच्या ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या पाहिलेले अब्बा समुद्रात उभे बैल बघून थक्क झाले. मग ओल्या वाळूवर वाटे मांडले जातात, भोवती माणसांचं कडं होतं आणि भाव पुकारले जातात. मी भाच्याला पहिल्यांदा बांगड्याच्या वाट्याकडे नेलं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं. त्यातून सतत पोहायचं तर अंग दोन्हीकडे निमुळतं आणि मधे भरलेलं हवं. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव कल्ल्यांच्या गाळणीत अडकवतो, म्हणजे त्याचं चालणं आणि जेवणं एकच. पाठ निळसर हिरवी, पोट चांदीचं. वरून बघणाऱ्या पक्ष्याला पाठ खोल पाण्यात मिसळून जाते, खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला पोट उजेडात मिसळून जातं. सुरमईच्या शेपटीच्या अलीकडे बोट फिरवलं तर दोन्ही बाजूंना एक कडक धार लागते. वेगाने शेपूट हलवताना तिचा उपयोग होतो.

अब्बांनी एक बांगडा उचलला, तळहातावर ठेवला आणि अंगठ्याने त्याची कंबर चाचपली. "फिटिंग," ते म्हणाले. "कहीं भी चुन्नट नहीं."

तिथून पुढे माझं शिकवणं संपलं. तेच भाच्याला घेऊन वाट्यावाट्याने फिरायला लागले. पापलेट त्यांनी उभा धरला आणि पोराला समोरून बघायला सांगितलं. समोरून पापलेट दिसतच नाही, सुरीची धार दिसते. हाच त्याचा फायदा. लांब पल्ल्याला तो सुरमईपुढे टिकणार नाही, पण एवढ्या उंच, चपट्या अंगाचा मासा जागच्या जागी वळू शकतो. पोटाखालचे पर त्याला नाहीतच. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने त्याला राज्य मासा केलं, तेव्हा मला अब्बांच्या हातातला तो पापलेट आठवला. मुशी म्हणजे छोटा शार्क. तिच्या अंगावर अब्बांनी शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. डोक्याकडून शेपटीकडे हात मऊ जातो, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. ते खवले नसतात, बारीक दातच असतात, सगळे मागे झुकलेले. त्यांच्यामुळे पाणी अंगाला कमी ओढतं. जुने सुतार हे कातडं लाकूड घासायला वापरायचे. अब्बा म्हणाले, मखमलीची लव आहे ही. कापताना लव कुठल्या दिशेला आहे ते बघितलं नाही तर कोट वाया जातो.

आणि मग लेप आला.

लेप म्हणजे जिभेसारखा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. शेजारी एक पाखट पडला होता, तोही चपटा. भाच्याने वहीत लिहिलं होतं: "लेप आणि पाखट हे तळाला राहतात म्हणून चपटे असतात." मी बरोबरची खूण करणार तेवढ्यात अब्बा म्हणाले, दोघांचं कटिंग एक नाही. पाखट पोटावर झोपलाय, त्याचं पोट आणि पाठ दोन्ही सरळ आहेत, डावं-उजवं सारखं आहे. हा दुसरा कुशीवर झोपलाय. एकाच्या कापडाला वरून इस्त्री केली, दुसऱ्याचं कापड उभं होतं ते आडवं पाडलं.

मी बारा वर्षं शिकवत होतो आणि हे कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं. अगदी बरोबर आहे ते. पाखट हा शार्कचा नातेवाईक, वरून दाबल्यासारखा. तोंड आणि कल्ले खाली वाळूत जातात, म्हणून डोळ्यांमागे वरच्या बाजूला दोन भोकं असतात, त्यांतून तो श्वासाचं पाणी आत घेतो. लेपाची गोष्ट वेगळीच. तो अंड्यातून बाहेर येतो तेव्हा इतर कुठल्याही माशासारखा उभा पोहतो आणि डोळे दोन बाजूंना असतात. मग पिल्लू थोडं वाढलं की त्याचा उजवा डोळा कवटीसकट सरकत सरकत डाव्या बाजूला येतो. मासा कुशीवर पडतो आणि जन्मभर तसाच राहतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची, खालची पांढरी. तळाला राहायचं हे दोघांनीही ठरवलं, पण घरून निघताना दोघांच्या अंगावर जे कापड होतं त्यातच त्यांना भागवावं लागलं.

या डोळ्याने डार्विनलाही त्रास दिला होता. सेंट जॉर्ज मिवार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १८७१ साली विचारलं, डोळा थोडासाच सरकला तर त्याचा उपयोग काय? अर्धवट सरकलेला डोळा वाळूतच जाणार. डार्विनने १८७२ च्या आपल्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण पुरावा हातात नव्हता. तो मिळायला २००८ उजाडलं. मॅट फ्रीडमन यांनी इटलीतल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत असे मासे दाखवले, ज्यांचा एक डोळा वर चढलेला आहे पण दुसऱ्या बाजूला पोहोचलेला नाही. मोठ्या वयाचे मासे, अर्ध्या वाटेवरच्या डोळ्याचे, आणि तसेच जगत असलेले.

आमच्यातले काही जण इथे बिथरतात, मला माहीत आहे. मी वर्गातही हे शिकवतो आणि जुम्म्याला पहिल्या सफेत बसतो. मला त्यात अडचण वाटत नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने ‘किताब अल-हयवान’ लिहिलं. कोण कोणाला खातो, कोण कसा वाचतो, हे बघत तो माणूस म्हातारा झाला. जिवांकडे बारकाईने बघण्याला त्याच्या काळात कोणी ईमानाची कमजोरी म्हटलं नाही. अब्बांचं म्हणणं आणखी सोपं होतं. "अल्लाहने पानी देखके कपडा दिया." माप किती पिढ्यांत घेतलं, यावर त्यांचा काही आग्रह नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुल्हेभाईंनी ओळखीच्या होडीतून आम्हाला डॉल्फिन बघायला नेलं. त्या किनाऱ्याला ते दिसतात. एक पाठ वर आली, कमानीसारखी वळली, आत गेली. अब्बांनी लगेच विचारलं, "इसकी दुम आडी क्यों है?" माशाची शेपूट उभी असते आणि डाव्या-उजव्या बाजूला हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते, कारण तो जमिनीवर चालणाऱ्या, दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या वंशातला आहे. धावणाऱ्या कुत्र्याचा कणाही वर-खालीच वाकतो. बाहेरून तो माशाच्या मापाला आला, पण आतला कणा जुनाच राहिला. अब्बांनी विचारलं, तुमच्यात हा चालतो का? दुल्हेभाई म्हणाले, "मजहबला चालेल अब्बा, सरकारला चालत नाही." अब्बा खूप हसले. त्या घराच्या कुठल्याही माणसाबरोबर ते एवढे हसलेले मी पहिल्यांदा पाहत होतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. डॉल्फिन दिसायला मासा, पण मासा नाही. अहिर दिसायला साप, पण मासा. मग मासा कशाला म्हणायचं? शास्त्राला विचारावं तर ते अजून गोंधळात टाकतं. फुप्फुसाने श्वास घेणारे काही मासे आजही जिवंत आहेत. वंशावळ मांडली तर ते बांगड्यापेक्षा माणसाला जवळचे निघतात. म्हणजे ‘मासा’ हा शब्द बाजारासाठी ठीक आहे, वंशाची एक सरळ शाखा म्हणून तो टिकत नाही. फिकहवाल्यांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. झिंगा खायला परवानगी देणारे हनफी उलेमा अरबी भाषेच्या जाणकारांकडे गेले. चौदाव्या शतकातल्या कैरोच्या दमीरींनी आपल्या प्राणिकोशात झिंग्याला छोटा लाल मासा म्हटलं आहे, मग तो मासा. मनाई करणारे म्हणतात, त्याला कणा नाही, कल्ले-पर माशासारखे नाहीत, मग कसला मासा? दोघंही अंगाकडेच बघत होते. एक गट जीव कुठे राहतो ते बघत होता, दुसरा कसा शिवलाय ते.

आणि शास्त्राच्या बाजूने सांगायचं तर झिंगा माशाचा नव्हे, किड्यांचा भाऊबंद आहे. कीटक हे कवचवाल्या जिवांच्या कुळातूनच निघालेले आहेत. यात एक गंमत आहे, ती मी अजून कोणा मौलानांसमोर काढलेली नाही. आपल्याकडे जबह न करता हलाल असलेल्या जिवांत माशाच्या जोडीला टोळ आहे, शेतातला टोळ, आणि तो हनफींनाही चालतो. झिंगा माशाच्या दारातून आत येत नसेल, तर टोळाच्या ओळखीने त्याचा अर्ज करून बघायला हवा. असो. फतवा काढणं माझं काम नाही.

अहिराबद्दल मात्र सांगायला हवं, कारण आमचा आणि समुद्राचा खरा संबंध त्याच्यामुळे आहे, हे मला इतक्या उशिरा कळलं. वाम हा जन्मभर गोड्या पाण्यातला. अहिर तसा नाही. तो समुद्रात जन्मतो. पिल्लू पानासारखं चपटं, काचेसारखं आरपार असतं. या पिल्लांना शास्त्रज्ञ बरीच वर्षं वेगळाच मासा समजत होते. १८९० च्या दशकात इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी एका पिल्लाचं रूप बदलताना पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. पान होऊन प्रवाहावर तरंगायचं, किनाऱ्याला लागलं की बारीक दोरा व्हायचं आणि नदीत शिरायचं. मग वर्षानुवर्षं वर वर चढायचं. सापाचा आकार त्यासाठीच: खडकांच्या फटीतून जाता येतं, ओल्या दगडावरून सरपटता येतं, कातडीतून थोडा श्वासही घेता येतो. मोठा झाला की परत समुद्राकडे. तेव्हा रंग चांदीसारखा होतो आणि डोळे मोठे होतात, खोल पाण्यासाठी.

म्हणजे आमच्या ओसरीवर त्या भोयाने टाकलेला अहिर बंगालच्या उपसागराच्या बाजूने अख्खी गोदावरी चढून आलेला होता. किंवा त्याच्या पिढीतले शेवटचे काही. कारण खाली पैठणला जायकवाडी १९७६ साली पूर्ण झालं, त्याच्या खाली नांदेडला विष्णुपुरी, तेलंगणात पोचमपाड आणि शेवटी राजमहेंद्रीजवळ आर्थर कॉटनने एकोणिसाव्या शतकात बांधलेला धवळेश्वरमचा बंधारा. ओल्या खडकावरून सरपटणारं अंग एवढ्या भिंतींना पुरत नाही. हल्ली आमच्याकडे बाजारात चिलापी असते, रोहू-कटला असतो. वाम अधूनमधून दिसतो. अहिर मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. भोयाच्या नातवाला विचारलं तर त्याला नाव माहीत होतं, मासा नाही.

अब्बा २०१६ साली गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात ते शेवटचं हर्णेला गेले होते. दृष्टी अधू झाली होती, पण बोटं शाबूत होती. २०१० नंतर ते आपाकडे जेवायचे. वेगळी पातेली कधी बंद झाली ते मला नक्की सांगता येणार नाही, आपालाही आठवत नाही. झिंगा त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही. त्या दुपारी आपा कोलंबी सोलायला बसली होती, भाचा तेव्हा चौदा वर्षांचा, त्याला लवकर जायचं होतं आणि भूक लागली होती. अब्बांनी परात आपल्याकडे ओढली. आपा म्हणाली, "अब्बा, रेहने दो." त्यांनी एक कोलंबी उचलली, बोटांनी चाचपली, प्रत्येक सांधा मोजला, पोटाकडून कवच उसवलं आणि आख्खं एका तुकड्यात काढलं.

"हड्डी बाहेर है इसकी," ते म्हणाले. "सिलाई बाहेर से ली है."

आणि मग त्यांनी पुढची उचलली. सगळी परात सोलून होईपर्यंत ते उठले नाहीत.